सत्यनारायण आहे, कोणाला सांगू नकोस

जगात गुपितं पोटात ठेवणारी माणसं असतात आणि गुपितं फोडणारी माणसं असतात. माझ्या थोरल्या नणंदबाई या दोन्हींत बसत नाहीत. त्यांना गुपित आधी सगळ्यांना सांगायचं असतं आणि मग ते सगळ्यांनी मिळून ठेवायचं असतं. ‘पोटात ठेव हं’ ही प्रस्तावना त्यांच्या तोंडून ऐकली नाही असं मराठी घर अटलांटाजवळच्या आमच्या अल्फारेटात तरी नसावं. लग्नानंतर मी गमतीने त्यांना एकदा ‘वन्सं’ म्हटलं, ते त्यांना इतकं आवडलं की ऑफिसातल्या अमेरिकन मॅनेजरलाही त्यांनी तेच म्हणायला लावलं आणि तो बिचारा वर्षानुवर्षं ‘गुड मॉर्निंग, वन्स’ म्हणत राहिला. माझ्या नवऱ्याच्या चाळिशीला मी सरप्राइज पार्टी ठरवली, तर यांनी आदल्या दिवशी त्यालाच, आपल्या धाकट्या भावाला, फोन करून बजावलं, “अरे, उद्या तुला सरप्राइज आहे. सात म्हणजे सातला ये, उशीर केलास तर सगळ्यांचा विरस होईल. आणि मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.” तोही सातच्या ठोक्याला आला आणि दारातच म्हणाला, “ताई, वेळेवर आलो ना?”

वन्सं देहानेही ऐसपैस होत्या. लग्न करायचं राहून गेलं होतं, “वेळच मिळाला नाही गं,” असं त्या सांगत, आणि ते खरंच वाटावं इतकी त्यांना कामं असत: ऑफिसातला डेटाबेस, मंडळाची नाटकं, नव्या आलेल्या पोरापोरींना गाडी शिकवणं, बाळंतिणींना डिंकाचे लाडू. त्या आल्या की सोफा पुढे सरके आणि घर भरे. पण सेहेचाळिसाव्या वर्षी गुडघ्यांनी संप पुकारला, साखर वाढली, झोपेत श्वास अडकायला लागला. डॉक्टर म्हणाले की आता वजन उतरवायला पोटाची बायपास करा, नाहीतर पुढचं आम्हाला विचारू नका. वन्संनी हो म्हणायला एक दिवस घेतला आणि कोणाला सांगायचं हे ठरवायला पाच महिने.

त्याला कारणं होती. एक तर, ‘जिभेवर ताबा नाही म्हणून पोट कापून घेतलं’ असं लोक म्हणतील ही धास्ती. दुसरं कारण माझ्या सासूबाई. सासरे हर्नियाच्या साध्या ऑपरेशनला हसत हसत चालत गेले ते परत आले नाहीत. तेव्हापासून सांगलीच्या त्या घरात ऑपरेशन हा शब्दच कोणी काढत नाही. दर रविवारी फोनवर लेकीला ‘काय जेवलीस?’ विचारणाऱ्या आईला पोट कापायचंय हे कसं सांगणार? आणि न सांगता काही कमीजास्त झालं तर? या शेवटच्या प्रश्नाशी आल्या की वन्सं एकदम चहा टाकायला उठत.

मग त्यांनी एक्सेल शीट केली. हिरवे म्हणजे सांगायचं, लाल म्हणजे मुळीच नाही, पिवळे म्हणजे विचारलं तर. हिरव्यांत मी आणि माझा नवरा, बास. लाल मंडळी एकशे चाळीस. सासूबाईंचा चौकोन पांढराच. पण लाल लोक नेमके काय म्हणतील हे कळल्याशिवाय त्यांना लाल तरी कसं ठेवायचं, म्हणून वन्संनी एकेकाला फोन लावला. “माझ्या एका मैत्रिणीचं वजन कमी करायचं ऑपरेशन आहे. तिने लोकांना सांगावं असं वाटतं तुम्हाला?” मैत्रिणीचे गुडघे दुखत होते, मैत्रीण डेटाबेसमध्ये होती, मैत्रीण सांगलीची होती. मी म्हटलं, “वन्सं, आता फक्त मैत्रिणीचा फोटो पाठवायचा राहिलाय.” त्या गंभीरपणे म्हणाल्या, “वेडी आहेस का? ओळखतील ना!”

तारीख ठरली तेव्हा मात्र गुप्ततेचा कळस झाला. फोनवर ‘ऑपरेशन’ म्हणायचं नाही, सांकेतिक शब्द वापरायचा. शब्द त्यांनीच निवडला: सत्यनारायण. “कसा आहे? कोणाला संशय तरी येईल का?” मी कौतुक केलं, आपली अक्कल तेव्हा कुठे चरायला गेली होती देव जाणे. कारण सत्यनारायणाचं वैशिष्ट्यच असं की त्याला बोलावणं लागत नाही. कानावर आलं की जायचं, प्रसाद नाकारला तर काय होतं ते पोथीतच लिहिलंय. आणि वन्संनी मला तारीख कळवली ती इंडियन ग्रोसरीत, मेथीच्या जुड्यांसमोर उभं राहून, सेलफोनवर, त्यांच्या त्या नाटकाच्या तालमीच्या आवाजात. “अगं, सत्यनारायण बुधवारी ठरला! माझ्याच घरून सकाळी निघायचंय. कोणाला सांगू नकोस हं!” पलीकडच्या रांगेत रवा घेत उभ्या होत्या शिऱ्याच्या काकू. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाचा प्रसाद या करतात, म्हणून त्यांचं नाव तसं पडलंय. ‘निघायचंय’ त्यांना ऐकूच आलं नाही. बिचारीला दगदग नको म्हणून गुपचूप पूजा करतेय, असं त्यांच्या प्रेमळ डोक्यात आलं आणि त्यांनी रव्याची आणखी दोन पाकिटं उचलली.

बुधवारी नवरा शिकागोला क्लायंटकडे होता, आणि नसता तरी रक्त बघून त्यालाच घेरी आली असती. त्यामुळे सकाळी वन्संना मीच घेऊन गेले. निळा झगा घालून त्या बेडवर बसल्या, नर्सला तिच्या सुनेबद्दल सल्ला दिला आणि अचानक किंचाळल्या, “चार्जर राहिला! शुद्धीवर आल्यावर मी लोकांना फोन कसे करणार?” कोणत्या लोकांना, ज्यांना सांगायचं नाहीये त्यांना? पण अकराची वेळ होती, दोन तास हाताशी होते. मी निघाले.

वन्संच्या घराच्या रस्त्यावर पार्किंगला जागा नव्हती. दारात बावीस माणसं उभी. पैठण्या, नारळ, फुलांच्या परड्या; दोघं मंडळाच्या गणपतीतले प्लास्टिकचे केळीचे खांब धरून होते; चार जण ऑफिसात डेंटिस्टची अपॉइंटमेंट सांगून आले होते. शिऱ्याच्या काकूंच्या हातात भलंमोठं पातेलं आणि त्यांच्या यजमानांच्या हातात पोथी. “अगं, बेल वाजवून वाजवून दमलो! ताई कुठाय?” मी किल्ली लावतेय तोच हॉस्पिटलचा फोन आला. आधीची केस कॅन्सल झाली, म्हणून वन्संना आताच आत नेलंय. हॉस्पिटल चाळीस मिनिटांवर होतं. मी दारातच उभी राहिले.

लोक मात्र आत शिरले. खांब बांधले गेले, चौरंग मांडला गेला, आणि कोणी तरी यजमान हवं म्हणून मला जीन्सवरच पाटावर बसवलं. काकांनी हातावर पाणी सोडलं आणि विचारलं, “हं, संकल्प काय? कशासाठी पूजा?” आता देवासमोर काय थाप मारणार! पाच महिने सांभाळलेलं सगळं विसरून मी रडतच म्हटलं, “वन्संचं ऑपरेशन सुखरूप पार पडू दे.”

मग शिऱ्याच्या काकू म्हणाल्या, “ते बायपासचं ना? ते सगळ्यांना माहितेय गं. आज आहे हे तेवढं नव्हतं माहीत.”

“मैत्रिणीचं ना!” मागून कोणीतरी म्हणालं, आणि पैठण्यांसकट सगळं घर हसत सुटलं. मी जायला उठले तर काकूंनी खांदा दाबून बसवलं. “तिथे जाऊन बंद दाराकडेच बघणार ना? इथे बस, देवाकडे बघ.” हसण्यावारी गेलेली पूजा त्यानंतर मात्र सगळ्यांनी मनापासून केली. काकांनी एक शब्द न गाळता पाचही अध्याय वाचले. चौथ्यात सर्जनचा फोन आला, सगळं व्यवस्थित झालं, आणि आम्ही मध्येच आरती म्हणून घेतली. संध्याकाळी चार्जर हातात ठेवत मी वन्संना सगळं सांगितलं, तर त्यांना हसवेना, टाके ओढत होते. त्या कळवळून एवढंच म्हणाल्या, “शिरा झाला, आणि मी नव्हते!”

राहिल्या सासूबाई. दर रविवारी ‘काय जेवलीस?’ येणारच, आणि वन्सं तर आधी दोन चमचे सूपवर, मग दोन घास मऊ भातावर. खोटं बोलणं त्यांना जमत नाही, म्हणून त्या आधी मला फोन करत, “आज तुझ्याकडे काय केलंय?” आणि मग आईला सांगत, “आज भरली वांगी आहेत गं, आणि ज्वारीची भाकरी.” कोणाच्या ताटात, ते बोलायचं नाही. फोटो मागितले की जुने पाठवायचे. वर्षभर हे चाललं, आणि वर्षाने सासूबाईंनीच तिकीट काढायला लावलं. वन्संचा बेत पक्का होता: जेट लॅग उतरला की चौथ्या दिवशी, चहानंतर, हळूच सांगायचं.

अटलांटाच्या विमानतळावर सासूबाईंची व्हीलचेअर बाहेर आली. त्या मला बघून हसल्या. शेजारी उभ्या असलेल्या, अर्ध्या झालेल्या बाईला त्यांनी ओळख नसलेल्या माणसाला करतात तसा नमस्कार केला आणि मला विचारलं, “ती नाही आली?”

“आई, अगं मीच!” म्हणताना वन्संचा आवाज मी पहिल्यांदाच इतका बारीक ऐकला.

गाडीत त्यांनी एका दमात सगळं सांगितलं, गुडघ्यांपासून केळीच्या खांबांपर्यंत. सासूबाई रागावल्या नाहीत की रडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “आत नेलं तेव्हा तुझ्याजवळ कोण होतं?”

गाडी मी चालवत होते. मी समोरच्या रस्त्याकडेच बघत राहिले.

“सगळे होते, आई,” वन्सं म्हणाल्या. “घर भरलं होतं.”

“मग ठीक,” म्हणत सासूबाईंनी लेकीचं ते सडपातळ मनगट दोन्ही हातांत घेतलं आणि घर येईपर्यंत सोडलं नाही. त्या सकाळी मी चार्जर आणायला निघाले तेव्हा वन्संनी माझी बाही धरली होती आणि हळूच म्हटलं होतं, “लवकर ये हं, मला भीती वाटतेय.” हे त्यांनी आईला सांगितलं नाही, आणि नंतर कधी मलाही बोलून दाखवलं नाही.