सव्वातीन तास

वडील सकाळी आठला गेले. थोरला भाऊ गुवाहाटीत होता. विट्याकडची पुष्कळ माणसं परमुलखात सोनं गाळतात, तसं त्याचंही तिकडे गलाईचं दुकान. चुलत्यांनी विट्याहून शवपेटी मागवली. विजेवर गार राहणारी. ती दारात आली तेव्हा त्यांनी मला विचारलं, "थोरला कवा पोचतोय?"

घरात शिकलेला मी, शाळेत मास्तर. मोबाईलवर दोन विमानतळांची नावं टाकली. अंतर दोन हजार किलोमीटरच्या वर, उड्डाणाचा वेळ सव्वातीन तास. त्यात पुणे ते गाव असे चार तास मिळवले आणि म्हणालो, "पाचच्या आत दारात. पेटी कशाला? आबांना उगाच डब्यात कोंडायचं." मोबाईलनं सांगितलेल्या आकड्याला आमच्याकडे कोणी हटकत नाही. पेटी परत गेली.

विमान सुटतं कधी, हे त्या पानावर नव्हतं. मीही शोधलं नव्हतं.

दोनला भावाचा फोन आला. थेट विमान सकाळीच गेलं होतं. आता कोलकात्याला उतरून दुसरं धरायचं होतं. "अग्नी मीच देणार. तवर आबांना ठेवा," तो म्हणाला. पेटीवाल्याला फोन केला, तर ती दुसऱ्या गावात दुसऱ्या घरी लागली होती. मार्चचं ऊन होतं. चारनंतर उदबत्त्यांचे पुडे वाढत गेले, आणि ते का वाढताहेत हे कोणी बोललं नाही. शेवटी चुलते म्हणाले, दिवस मावळायच्या आत उरकायला हवं.

आमच्या भागात भाषणांशिवाय माणसाला जाता येत नाही. वडिलांना उभ्या जन्मात न भेटलेल्या एका माजी सभापतींना त्यांचं मार्गदर्शन आठवलं. असली भाषणं मी आयुष्यभर चुकवत आलो. त्या संध्याकाळी मात्र प्रत्येकानं आणखी बोलावं असं वाटत होतं. चौथ्या वक्त्यानं दोन वाक्यांत आटपलं. त्याला आणखी एका मातीला जायचं होतं. मग चुलत्यांनी पेटता चूड माझ्या हातात दिला. भावाचा फोन बंद लागत होता. तो हवेत होता.

तिसऱ्या दिवशी राख सावडताना भाऊ माझ्याशेजारी वाकला होता. हाडाचा एक तुकडा बोटांत धरून त्यानं हळू विचारलं, "पेटी मिळाली न्हाई व्हय रं?"

चुलते समोर होते. ते राखेवर पाणी शिंपडत राहिले.

"न्हाई," मी म्हणालो.

आता चुलतेही नाहीत. शाळेच्या मधल्या सुट्टीत कधीकधी मी ती दोन नावं पुन्हा टाकतो. सव्वातीन तास. त्यात बदल होत नाही.

भाऊ दर वर्षी वर्षश्राद्धाला येतो, पण दोन दिवस आधीच. बॅग भिंतीला लावतो आणि वडिलांना ठेवलं होतं त्या सोप्यात बसून राहतो. "एवढ्या लवकर?" असं त्याला आमच्या घरात कोणी विचारत नाही.