तोंड पाहिल्याशिवाय एलान नाही

निलंग्याच्या स्टँडवर मला सोडायला कोणी आलं नव्हतं. पुण्याची एसटी लागली, मी पत्र्याची पेटी सीटखाली सरकवली आणि खिडकीपाशी बसलो. कंडक्टर नेमका ओळखीचा निघाला. तिकीट फाडता फाडता मोठ्यानं म्हणाला, "भोंगेवाल्या चाचांचा ना तू? डॉक्टरीणबाई काय म्हणतात?" मागचे दोघं-तिघं फिदीफिदी हसले. मीही हसलो. ती डॉक्टरीणबाई म्हणजे माझी धाकटी बहीण नसीम. ती डॉक्टर नव्हती, कधी झालीही नाही. ती डॉक्टर होणार हे अख्ख्या बाजाराला ओरडून सांगायला लावणारा मीच.

गाव सोडून गेलेल्यांनो, तुमच्या गोष्टी मी ऐकत असतो. कुणाला शिक्षणानं नेलं, कुणाला नोकरीनं. मी तोंड लपवायला पळालो. गावात राहिलेल्यांना हे पाठ आहे, त्यांनी पुढचं सोडून दिलं तरी चालेल.

अब्बांचं लाऊडस्पीकरचं दुकान होतं. लग्नाला सेट भाड्यानं द्यायचे आणि ऑटोच्या टपावर भोंगा बांधून गावभर एलान करायचे. नळाला पाणी कधी येणार, कुणाची शेळी हरवली, सगळं. मयतीचा एलान फुकट, मग घर हिंदूचं असो की मुसलमानाचं. त्याला मात्र एक कायदा होता. आधी स्वतः त्या घरी जायचं, मेलेल्या माणसाच्या तोंडावरची चादर बाजूला करून बघायचं, मगच भोंग्यावर नाव घ्यायचं. कुणी म्हणायचं, "चाचा, आम्ही सांगतोय ना!" तर म्हणायचे, "तोंड पाहिल्याशिवाय एलान न्हाई." घरात आम्ही दखनी बोलतो, तिथं त्यांचं वाक्य ठरलेलं: "भोंगे पे झूट नक्को." मला तो म्हातारचळ वाटायचा.

भूकंप झाला त्या सकाळी त्यांना भोंग्यासकट जीपमध्ये बसवून पडलेल्या गावांकडे नेलं. चार दिवस त्यांनी तेच केलं, चादर उचलायची, बघायचं, नाव घ्यायचं. एका गावात एक माणूस त्यांच्या पाया पडला. म्हणाला, "चाचा, माझ्या बायकोचं नाव जित्यांत घ्या, आवाज ऐकून ती येईल." अब्बांनी घेतलं नाही, कारण त्यांनी तिला पाहिलं नव्हतं. तो त्यांच्या अंगावर थुंकला. दोन दिवसांनी ती दगडांखाली सापडली, आणि तिचं नाव अब्बांनीच घेतलं. घरी आले तेव्हा आवाज पार बसला होता. पण त्यानंतर आमच्या भागात लोक म्हणायला लागले, भोंगेवाल्यानं सांगितलं म्हणजे झालंच.

मी बारावीला नापास झालो आणि लातूरला गेलो. तिथं क्लासेसचं नुसतं पीक आलं होतं. दर गल्लीत एक सर, आणि दर सरांचा एक बॅनर. आवाज बापाचा घेतलेला, त्यामुळे एका सरांनी लगेच ठेवून घेतलं. अब्बांकडे एलान हा एकच शब्द होता. सरांकडे इंग्रजी शब्दांचं दुकानच होतं. अनाउन्समेंट, पब्लिसिटी, प्रमोशन, डिक्लेअर, मी नुसता हरखून जायचो. एकदा फरक विचारला तर सर म्हणाले, "झालेलं सांगणं म्हणजे अनाउन्समेंट. होणारं झालंय म्हणून सांगणं म्हणजे पब्लिसिटी. पहिल्याला अक्कल लागत नाही." मी मनातल्या मनात अब्बांना बिनअकलेचं ठरवून मोकळा झालो.

नसीम हुशार होती. खरंच हुशार, भाऊ म्हणून सांगत नाही. तिला मीच लातूरला आणलं, सरांकडे फी माफ करून घेतली. मेडिकलची परीक्षा झाल्यावर सरांनी तिची उत्तरं ताडून पाहिली आणि म्हणाले, "पक्कं आहे हिचं." पण तिनं दुसऱ्या एका क्लासमध्ये दोन सराव पेपर दिले होते. लातूरची रीत तुम्हाला माहीत नसेल. एकाच पोरीचा फोटो तीन-तीन क्लासचे बॅनर मिरवायचे, आणि जो आधी बोलेल त्याची ती पोरगी. सर म्हणाले, "लिस्ट यायच्या आधी आपण डिक्लेअर करू. सुरुवात तुझ्या गावापासून."

नसीमनं हात जोडले. "भैय्या, चार दिवस थांब. लिस्ट तर येऊ दे."

मी म्हणालो, "तुला काय कळतं पब्लिसिटीतलं?"

बाजाराच्या दिवशी मी निलंग्यात उतरलो. अब्बा दुकानात वायर सोलत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पक्कं हाय?" म्हणालो, पक्कं. परत विचारलं. परत म्हणालो. मग त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं. "लिस्टमध्ये नाव तू डोळ्यानं पाहिलंस?"

मी म्हणालो, "पाहिलं."

एवढाच शब्द. अब्बांनी माईक माझ्या हातात दिलाच नाही. आपल्या पोरीचा एलान बाप करणार म्हणाले. भर बाजारातून त्यांचा ऑटो फिरला आणि माझा बाप सांगत होता की आपल्या मोहल्ल्याची नसीम डॉक्टर होणार, मेडिकलला लागली. लोकांनी हार घातले, हलवाई जिलेबी घेऊन आला. नसीम आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. लाजतेय पोरगी, असं सगळ्या बायका म्हणाल्या.

पाचव्या दिवशी लिस्ट आली. तिचं नाव नव्हतं.

लातूरच्या बॅनरवर दुपारपर्यंत तिच्या तोंडावर दुसऱ्या पोरीचा फोटो डकवला होता. सर म्हणाले, "पब्लिसिटीत होतं असं." निलंग्यात डकवायला काही नव्हतं. शेजारच्या काकू आमच्याच दारात उभ्या राहून म्हणाल्या, "बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी." पोरं खिडकीखाली येऊन ओरडायची, "डॉक्टर, ताप आलाय!" परत परीक्षा दे म्हणून मी नसीमच्या मागे लागलो, तर म्हणाली, "डॉक्टर झालेली बाई परत परीक्षेला बसली म्हणतील." ती बसली नाही. तिनं शिवणाचं मशीन घेतलं. आज त्या दुकानाला सगळा मोहल्ला डॉक्टर टेलर म्हणतो. कपडे टाकायला येणाऱ्या नव्या सुनांना तर हा टोमणा आहे हेही माहीत नाही.

अब्बांचं काय झालं ते ऐका. दोन आठवड्यांनी मागच्या गल्लीत एक म्हातारी गेली. अब्बा तोंड बघायला गेले, तर तिचा मुलगा दारातच म्हणाला, "चाचा, राहू द्या. आम्ही दुसऱ्याला सांगितलंय." ते घरी आले, भोंगा पोत्यात गुंडाळला आणि माळ्यावर टाकला. मला शिवी दिली नाही, हात उचलला नाही. एकदाच म्हणाले, "तू पाहिलं म्हणालास." त्यापेक्षा त्यांनी मला बाजारात उभं करून जोड्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं.

पुण्यात माझं उत्तम चाललंय, हेही सांगतो. बिल्डरांचे कार्यक्रम करतो. आम्ही त्याला प्री-लाँच म्हणतो. जमिनीत नुसता खड्डा असतो आणि मी माईकवरून बाराव्या मजल्यावरच्या बाल्कनीतला वारा विकतो. इथं कुणी विचारत नाही, डोळ्यानं पाहिलंस का. इथं मी खोटं बोलत नाही, मी प्रमोट करतो! सरांनी शिकवलेली सगळी अक्कल इथं कामाला आली.

गेल्या वर्षी अशाच एका लाँचवर होतो, फोन बंद होता. सुरू केला तेव्हा अब्बांना माती देऊन झाली होती. मी दुसऱ्या दिवशी पोचलो. चुलतभाऊ रफिकनं मला सगळं सांगितलं. त्यानं चांगल्या मनानं माळ्यावरून तो भोंगा काढला होता. चाचांचं नाव त्यांच्याच भोंग्यावर जाऊ द्या म्हणाला, आणि ऑटो बाजारातून फिरवला. हॉटेलात चहा पिणारे एकमेकांकडे बघून हसले. "त्यांचाच भोंगा हाय की हो! आधी जाऊन बघा, मग रडा."

आणि लोक खरंच बघायला आले. कब्रस्तानात जायच्या आधी घरी आले. एकेक जण उंबऱ्यात थांबून विचारायचा, "खरं हाय का?" अब्बांचा कायदा गावानं अब्बांनाच लावला. दारात नसीम उभी होती. ती प्रत्येकाला सांगत होती, "हाव, या बारीला खरं हाय. तोंड पाहून घ्या." आणि चादर बाजूला करत होती.

मी तिच्यापुढे बसून रडलो, माफी मागितली. ती एका ब्लाउजला हुक लावत होती. मी म्हणालो, "आजारी होते तेव्हाच मला कळवायचं तरी." तिनं दातानं दोरा तोडला आणि म्हणाली, "अब्बानं सांगितलेलं, त्याला घाईनं काही सांगू नका."

तुम्ही लोक विचारता, आता घर कुठलं वाटतं. पुण्यात माझ्या नावावर फ्लॅट आहे. पण माझा शब्द कुणीतरी तपासून घेतं ती जगात एकच जागा आहे, डॉक्टर टेलरचा उंबरा. परत निघताना त्या उंबऱ्यावर मी चपला घातल्या आणि म्हणालो, "नसीम, ईदला येतो. नक्की येतो."

मशीन चालूच होतं. मान वर न करता ती म्हणाली, "आधी ये. मग सांग."