झाकलेलं सरण

वरवट बकाल गावात कडूबाच्या सरणाचं लाकूड तो जिवंत असतानाच दारात येऊन पडलं, आणि गडी मेलाच नाही. आता अशा लाकडाचं माणसानं करायचं तरी काय? परत कोणी घेत नाही, चुलीत घालायला हात धजत नाही. पडलं ते गोठ्यामागे.

झालं असं, की शेतातल्या मोटारीची पेटी दुरुस्त करताना कडूबाला करंट लागला. अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मान हलवली, आणि चुलतभाऊ रंगरावानं लगेच गावाला फोन लावला. एरवी हाका मारून घसा बसला तरी न येणारं गाव, पण बाभळीचं गाडीभर लाकूड दुपारच्या आत हजर! आणि कडूबा दोन महिन्यांनी चालत घरी आला. दोन्ही हात मात्र कोपराच्या वरच संपलेले.

खाटेवरून त्याला तो ढीग दिसायचा. लाकडाचं त्याला काही वाटलं नसतं. वाटलं ते ताडपत्रीचं. बायको वंदना रोज संध्याकाळी जाऊन त्या ढिगावरची ताडपत्री सारखी करायची, कडेला दगड ठेवायची. अवकाळीचे दिवस होते हे खरं, पण कांदा उघड्यावर आणि सरण झाकलेलं, हे कुठलं शहाणपण? कडूबाच्या मनात पाल चुकचुकली. कोणासाठी सुकं ठेवते ही?

त्यात भेटायला येणारे. जीव वाचला, लय झालं, असं म्हणायचे आणि रिकाम्या बाह्यांकडं बघायचे. रंगराव तर निघताना दारात वंदनाला म्हणाला, "वयनी, यापेक्षा गेला असता तर सुटला असता." कडूबाला त्याचा राग आला नाही, त्याची जीभ लहानपणापासून मोकाटच. तो कान देऊन होता, वंदना काय म्हणते याकडं. वंदना काहीच म्हणाली नाही.

तेव्हापासून त्याला चहा कडू लागायला लागला. लेक समीक्षा पाजायला आली की म्हणायचा, पहिला घोट तू घे. पोरीला वाटलं, बाप लाड करतो. वंदनाला तसं वाटलं नाही. 

एका सकाळी तिनं भाकरीचा घास पुढं केला, तर यानं तोंड फिरवलं.

"पयले तू खाय."

वंदनानं तो घास खाल्ला. सावकाश चावून गिळला आणि ताट खाली ठेवलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, संताप होता. तीस वर्षांच्या संसारात ज्याच्या आधी कधी घास घेतला नाही, त्यानं असं म्हणावं! कडूबाला लाज वाटली, पण आता मागं हटायचं नव्हतं.

"रंगराव बोलला तवा तू गप काऊन होती?"

"खोटं कशी बोलू?" ती म्हणाली. "डॉक्टरनं सांगतलं, दोनी हात काढा लागतीन, मंग वाचला तर वाचला. सहीचा कागद देल्ला. सकायपासून दुपारलोक मी तो कागद घेऊन बसली. देवाले म्हटलं, घेऊन जाय याले. ज्याचं सारं हातावर, तो हाताबिगर कसा जगीन?"

 ज्याचा संशय होता तेच निघालं. पण करंट लागल्यापासून कडूबाशी इतकं सरळ कोणी बोललंच नव्हतं.

"मंग सही काऊन केली?"

"एकटीनं घरी यावं लागलं असतं. माह्यासाठी केली. तुमाले इचारलं नाही."

"अन् ताडपत्री?"

"तुमच्या आंघोयीले रोज पानी तापवा लागते. सुकं लाकूड कोनी सडू देते काय? पन तुमच्या देखत तुमचंच सरन चुलीत कशी घालू? म्हनून थांबली."

कडूबानं गोठ्याकडं पाहिलं. मग म्हणाला, घाल.

तिनं कवळभर लाकूड आणलं. शेजारच्या अन्नपूर्णाबाईनं कुंपणावरून पाहिलं आणि अशुभ अशुभ म्हणत कपाळावर हात मारला. अशुभ व्हायचं ते होऊन गेलं, असं वंदनानं तिला ऐकवलं. बाभूळ झकास पेटली. पाणी तापलं तसं तिनं त्याला दगडावर बसवलं.

"आता वाटते काय तुले," तो म्हणाला, "सही नसती केली तर बरं झालं असतं?"

"कोन्या कोन्या दिवशी वाटते," ती पाठ घासत म्हणाली.

गरम पाणी खांद्यांवरून खाली वाहत होतं, आणि जिथं हात नव्हते तिथंही ते त्याला लागत होतं.

"मलेबी," कडूबा म्हणाला, "रोज नाही वाटत."