मिस्त्रींची विचारपूस

आमचे मिस्त्री कुठल्याही इंजिनाला पहिला अर्धा तास हात लावत नाहीत. माणूस घामाघूम होऊन बोलवायला आलेला असतो, होडी धक्क्याला निपचित पडलेली असते, आणि हे हात खिशात घालून त्याला विचारत बसतात. शेवटचं नीट कधी चाललं? बंद पडताना एकदम पडलं की आचके देत? त्याआधी कोण काय करत होतं? लग्न झालं तेव्हा मला वाटायचं, काम येत नाही म्हणून वेळ काढतायत. तीस वर्षं झाली, त्यांनी हात घातलेलं इंजिन बंद राहिलेलं मी अजून पाहिलं नाही. नवरा म्हणून त्यांच्याविषयी माझ्या तक्रारी पुष्कळ आहेत, पण त्या इथे नकोत.

धक्क्याला लागूनच आमचं वर्कशॉप आणि त्याच्या वर आमच्या दोन खोल्या. खालचा डिझेलचा वास वर उशांपर्यंत पोचतो. भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली आहे, ज्याचा पाना त्याच्याच जागी. मी कधी चुकून बाराचा पाना तेराच्या जागी लावला, तर दिवसभर घरात अबोला.

गेल्या वर्षी त्यांचे कान गेले. जन्मभर इंजिनाच्या खोलीत डोकं घालून काढल्यावर दुसरं काय होणार? डॉक्टरांनी यंत्र दिलं. पण इंजिन चालू झालं की ते कानात नुसतं करकरतं, म्हणून ते खणात पडलं. इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगणारा माणूस, अशी मिस्त्रींची ख्याती. ते बहिरे झाले हे कळल्यावर त्यांना कोण बोलावणार? आणि कुणी बोलावलं नाही, तर हा माणूस जगणार कशावर? जेवणावर जगणाऱ्यांतले ते नव्हेत.

म्हणून मीच ठरवलं, धक्क्यावर कुणाला कळू द्यायचं नाही. मिस्त्री मुळातच कामापुरतं बोलणारे, त्यामुळे सोपं गेलं. गिऱ्हाईक आलं की मी चहाचा कप घेऊन त्याच्या पाठीमागे उभी राहायची. मिस्त्री त्याला प्रश्न विचारायचे आणि त्याच्या खांद्यावरून माझे हात बघायचे. मूठ म्हणजे हो, पंजा म्हणजे नाही, अंगठा वर म्हणजे भरलेलं, बोटं म्हणजे दिवस. माणसं पाल्हाळ लावतात. मी त्यातलं कामाचं तेवढं काढून द्यायची. खरं सांगते, मला त्याचा अभिमान होता. पाच मिनिटांचं रडगाणं मी दोन बोटांत सांगायची.

परवा सकाळी भोंगा आला. पलीकडच्या काठाला माणसं नेणारी निळी लाँच त्याची. त्याचं खरं नाव त्याच्या आईलाच आठवत असेल. आवाजामुळे सगळा धक्का त्याला भोंगाच म्हणतो.

"मिस्त्री, तीन दिवस झाले, धड चालतच नाही. आज झालं नाही तर शहरातून कंपनीचा माणूस बोलावतो. बाकीचे लाँचवालेही म्हणतात, एकदाचा तोच कायमचा कामाला लावून टाकू."

शेवटचं वाक्य तो धक्क्याकडे बघत म्हणाला. ते मी खुणेने सांगितलं नाही.

मिस्त्रींची विचारपूस सुरू झाली. डिझेल आहे का, या प्रश्नावर भोंग्याने पुराण लावलं. "आहे तर! तीन-तीनदा झाकण उघडून बघितलं. काठोकाठ. बघितलं की परत सेल्फ मारतो, तर चालतं जरा वेळ, आणि परत बसतं. मग परत बघतो." मी अंगठा वर केला. टाकी भरलेली.

मिस्त्री लाँचमध्ये उतरले. मीही फळीवरून मागोमाग गेले. बॅटरी ठणठणीत, सेल्फ जोरात फिरत होता. फिल्टर उघडला, स्वच्छ. पंपाचा दांडा हाताने हलवून बघितला, तर डिझेल वर येईना. मग त्यांनी पंप सोडवला. आतला डिझेल ओढणारा रबरी पडदा बोटांच्या चिमटीत धरून उजेडाकडे केला, ताणून बघितला. पडदा धडधाकट. सगळं पुन्हा जोडलं, नळ्यांमधली हवा काढली आणि भोंग्याला सेल्फ मारायला सांगितलं. इंजिन लागलं. माझा जीव भांड्यात पडला. दहा मिनिटांनी ते खोकलं, आणि बसलं.

भोंग्याने खिशातून फोन काढला. धक्क्यावर चार-पाच लाँचवाले जमले होते. मिस्त्री पाठ टेकून खाली बसले. एक तास झाला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मी काय खूण करणार? मला काही विचारलंच नव्हतं.

मग ते उठले, भोंग्याच्या पुढ्यात गेले आणि त्याचा फोनचा हात खाली केला.

"मला ऐकू येत नाही," मिस्त्री म्हणाले. "वर्ष झालं. माझ्याकडे तोंड करून बोल, हळू. पहिल्या दिवसापासून परत सांग. काही गाळू नकोस."

मला वाटलं, संपलं सगळं. वर्षभर जे ओंजळीत धरून ठेवलं होतं ते या माणसाने भर धक्क्यावर सांडून टाकलं, तेही एका बंद इंजिनापायी. एवढा राग आला की तिथून निघूनच जावं. भोंग्याने फोन खिशात ठेवला आणि सांगायला लागला. आधी ओरडून सांगत होता.

"ओरडू नकोस. तोंड वेडंवाकडं होतं, वाचता येत नाही."

भोंगा हळू बोलू शकतो हे त्या दिवशी धक्क्याला कळलं. त्याने सगळं सांगितलं. झाकण उघडून बघायचो, हे आलं तिथे मिस्त्रींनी हात वर केला.

"आणि बघितल्यावर चालायचं? दर वेळी?"

"दर वेळी. थोडा वेळ."

मिस्त्री टाकीपाशी गेले. झाकणावर तळवा ठेवला आणि ते सावकाश फिरवलं. झाकण जडपणे सुटलं, आणि सुस्स झालं. तो आवाज मला ऐकू आला, भोंग्याला आला, तीन दिवसांत त्याने तो कितीदा ऐकला असेल. मिस्त्रींना नाही आला. झाकण आतून ओढलं जातंय, हे त्यांच्या तळव्याला कळलं.

त्यांनी झाकणाशेजारच्या ताज्या निळ्या रंगावर बोट टेकवलं. "लाँच नुकती रंगवली ना? कुणी रंगवली?"

"मीच. आठवड्यापूर्वी. दोन हात दिले, वाळल्यावर तीन दिवसांपूर्वी पाण्यात उतरवली."

"घासताना धूळ टाकीत जाऊ नये म्हणून काय केलंस?"

भोंग्याचा चेहरा पडला. मिस्त्री बाहेरच्या बाजूला वाकले. टाकीत हवा जाण्यासाठी एक करंगळीएवढी नळी असते, तिचं तोंड त्यांनी बोटांनी चाचपून शोधलं आणि स्क्रू ड्रायव्हरने आतून एक चिंधी ओढून काढली. निळी, रंगाने कडक झालेली. कामात नीटनेटक्या माणसाने निगुतीने बोळा कोंबला होता आणि त्याच्यावर तितक्याच निगुतीने रंग मारला होता. हवा आत जाईना, म्हणून डिझेल बाहेर येईना. झाकण उघडलं की टाकी तेवढ्यापुरती श्वास घ्यायची.

इंजिन लागलं. मिस्त्री त्याच्यावर हात ठेवून उभे राहिले, दहा मिनिटं, वीस मिनिटं. तसा चेहरा त्यांचा आमच्या मुलीच्या पाळण्याशीही मी बघितला नव्हता. भोंगा फिरून त्यांच्या समोर आला, तोंड नीट दिसेल असा उभा राहिला आणि सावकाश म्हणाला, "भावाच्या लाँचचं बघायचंय. उद्या आणू?"

"आण," मिस्त्री म्हणाले. "भावालाही आण. त्यालाच विचारायचंय."

वर आल्यावर ते मोरीत हात धूत होते. मी टॉवेल घेऊन उभी. नळ बंद करून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"झाकण उघडून बघत होता, हे त्याने सकाळीच सांगितलं होतं?"

मी मूठ केली. मग मूठ सोडून मी तोंडाने म्हणाले, "हो. मला ते कामाचं वाटलं नाही."

त्यांनी एकेक बोट पुसलं. रागावले नाहीत. रागावले असते तर मी चार शब्द सुनावले असते.

"मी तुमचं नाव सांभाळत होते," मी म्हणाले आणि रडायलाच लागले. "वर्षभर दुसरं काय केलं मी?"

"माहीत आहे," मिस्त्री म्हणाले. "म्हणून तर वर्षभर कुणाला सांगितलं नाही. तुला वाईट वाटलं असतं."