काचवाल्याची लेक

दोरावर लटकून उंच इमारतींच्या काचा पुसायचं त्याचं काम. सगळे त्याला काचवालाच म्हणत. लेक शहरातल्या मोठ्या सरकारी शाळेत जायला लागली, तेव्हापासून त्याला तिचा घोर लागला. वर्ग खचाखच, फाटक भर रस्त्यावर, बाहेर मोठ्या मुलांची टोळकी. त्यात लेक अडखळत बोलायची. कुणी गाठलं तर पोर हाक तरी मारू शकेल का?

एका दुपारी तो न्यायला गेला तर फाटकाशी पळापळ. मोठ्या मुलांच्या मारामारीत एकाचं डोकं फुटलं होतं. सगळी पोरं बाहेर आली, लेक नाही. शिपायाला ढकलूनच तो आत शिरला, जिन्यावर ठेचकाळला.

लेक वरच्या मजल्यावर होती. अडखळणाऱ्या मुलांना बोलायला शिकवणाऱ्या बाई तिथे रोज बसत. "खाली गोंधळ दिसला म्हणून मीच थांबवलं हो तिला," बाई म्हणाल्या.

बहिणीला कळलं तशी ती फोनवर कडाडली, "दादा, पोरगी वाऱ्यावर सोडलीयेस का? इकडे आण. उपनगरातली शाळा बघ आमची!"

रविवार उलटला तसा तो लेकीला घेऊन गेला. मोठं मैदान, मोजकी मुलं, सगळं शांत. त्याचा जीव भांड्यात पडला. मुख्याध्यापिकाही प्रेमळ.

"काय आवडतं गं तुला?"

"चि... चि..."

"चित्रं! वा! शहाणी आहेस." त्या त्याच्याकडे वळल्या. "बोलायला शिकवणारं कुणी नाही आमच्याकडे. पण काळजी नको, ती उत्तरं लिहून देईल."

लेकीने ओठ मिटले. परतीच्या बसमध्ये, घरी, जेवताना, अवाक्षर नाही. काचवाल्याला नवीनच धडकी भरली. ही अशीच गप्प झाली तर?

रात्री बायको म्हणाली, "तुम्हाला ती जपून ठेवायचीय की बोलती हवीय?"

सकाळी लेकीनेच तोंड उघडलं. "तिकडच्या बाई माझा श... शब्द तोडतात. आमच्या बाई थां... थांबतात."

ती शहरातच राहिली. भीती गेली नाही. रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकला की काचवाल्याच्या हातातला फडका थांबायचा. शेवटी त्याने मुकादमाकडून सकाळची पाळी मागून घेतली आणि फाटकाशी लवकर जाऊन उभा राहू लागला.

परवा लेक धावतच बाहेर आली. चेहरा लाल, श्वास फुललेला.

"बाबा, शाळेत पि... पि..."

पिस्तूल? शब्द जिभेवर आला होता, तो त्याने गिळला. तिचा दप्तराचा पट्टा घट्ट धरून तो थांबला.

"पि... पिल्लं झालीत मांजरीला!"

त्याने पट्टा सोडला. "किती?" त्याने विचारलं, आणि पुन्हा थांबला.