मंडूकासन आणि सुटलेली सुई

“काय घेतलं हिनं? फवारणीचं का?” सिस्टर आत्याला विचारत होती.

“काई घेतलं नाई वो बाई! आमची पोरगी रोज सकाळी योगा करते,” आत्या म्हणाली.

त्या वर्षी अकोल्याच्या दवाखान्यात तरुण मुलगी उलट्या करत आली की पहिला प्रश्न हाच असायचा. कापसाच्या गावांतून विष घेतलेलं कोणी ना कोणी रोज यायचं. माझ्या शेजारी अकोटकडची एक बाई होती. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डबॉय तिच्या रिकाम्या खाटेवरची चादर बदलत होता.

माझं निदान तासाभरात झालं: डायबेटिक किटोअॅसिडोसिस. शरीरात इन्सुलिन नसलं की साखर रक्तातच साठते, मग शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात आम्ल वाढतं. मला बाराव्या वर्षापासून टाइप वन मधुमेह आहे. डॉक्टरांनी विचारलं, “डोस चुकले का?” मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी इन्फेक्शन शोधायला तपासण्या लिहिल्या.

मी खोटं बोलले होते. महिनाभर मी योगवर्गाला जात होते. वज्रासनात बसायचं, दोन्ही मुठी बेंबीजवळ दाबायच्या, श्वास सोडत पुढे वाकायचं. या मंडूकासनानं स्वादुपिंड जागं होतं, असं सर सांगायचे. मला बरंही वाटत होतं. झोप लागायची, पोट हलकं राहायचं.

आमच्याकडे मला पाहायला पाहुणे येणार असले की फ्रिजमधला इन्सुलिनचा डबा शेजारी नेऊन ठेवत. तिसऱ्यांदा पाहुणे गेले आणि मी तो डबा परत आणलाच नाही. आत्यानं पाहिलं, पण तिनंही तो आणला नाही. दुसऱ्या दिवशी सुई बंद केल्याचं मी सरांना हळूच सांगितलं, तर त्यांनी सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. अमरावतीच्या कॉन्व्हेंट शाळेत शिकताना उत्तर येत असूनही मी कधी हात वर केला नव्हता. त्या टाळ्या मला फार आवडल्या.

दोन दिवसांत धाप लागली. पुढचं तुटक-तुटक आठवतं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, “आसनं जरूर करा. पचन सुधारेल, ताण कमी होईल. पण तुमच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी संपल्यात. त्या कोणत्याही आसनानं परत येणार नाहीत.” तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. पाहुण्यांचा होकार आला होता.

चौथ्या दिवशी वर्गातल्या शबाना आपा भेटायला आल्या. त्या शिवणकाम करतात. माझ्या पायाशी बसून त्यांनी आवाज खाली घेतला.

“बेटा, त्या दिवशी टाळ्या मीबी वाजवल्या होत्या. माह्या पोरीले, सानियालेबी तुह्यासारखीच शुगर आहे. चौथीत आहे, सुई पाहिली का रडते. आज सकाळची मी देल्लीच नाई. तुले सुई सोडणं किती दिवसांत जमलं?”

आत्यानं माझा हात दाबला. “हिले पोटाचं इन्फेक्शन झालं, आपा. बाकी काई नाई.”

डॉक्टर पलीकडच्या खाटेपाशी उभे होते. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मी म्हणाले, “आपा, आत्ताच्या आत्ता घरी जा आणि तिला सुई द्या. मी बंद केली होती, म्हणून मरायला टेकले.”