बाजारातला बगळा आणि गुळवाले चाचा

आमच्या गुळवाल्या चाचांच्या लेखी जगातला कुठलाही माणूस निव्वळ माणूस नसतोच. बाजार म्हणजे जंगल, आणि त्यात जो तो कुठलं तरी जनावर, हे त्यांचं ठाम मत. हमाल म्हणजे मुंग्या, दलाल म्हणजे खंड्या आणि बँकेचे साहेब म्हणजे कृष्णेतली मगर. "तोंड उघडून निवांत पडत्यात बघ, घाई न्हाई त्यास्नी." सांगलीच्या पेठेत त्यांचं दुकान माझ्या किराणा दुकानाला लागूनच, त्यामुळे हे प्राणिशास्त्र मला रोज चहाबरोबर फुकट मिळायचं. बरं, नुसतं बोलून थांबले असते तर ठीक होतं. गुळाच्या ढेपांवर गांधीलमाश्या घोंघावायच्या, पण त्यांना हाकलणं चाचांना मंजूर नव्हतं. जंगलात सगळ्यांचा वाटा असतो म्हणे. एकदा एका वहिनींच्या नाकाला माशी डसली, तर हे गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "आवं वैनी, ती बी गिऱ्हाईकच. तुमच्या आदी आलीया." त्या वहिनी पुन्हा फिरकल्या नाहीत, हे सांगायला नकोच.

मग समोर चकचकीत मॉल उभा राहिला आणि माझं दुकान बंद पडायची वेळ आली. मी पेटून उठलो, मॉलपेक्षा स्वस्त विकायला लागलो आणि आणखीच खड्ड्यात गेलो. चाचा बघत होते. एक दिवस म्हणाले, "म्हशीला बघून बगळा कवा शिंगं लावतोय काय रं गड्या? म्हस गवात तुडवत जाती, किडं उडत्यात, बगळा मागनं टिपतोय. म्हशीला काय जमत न्हाई ते बघ की."

"काय जमत नाही?" मी वैतागून विचारलं.

"चटणी."

आमच्याकडे उन्हाळा आला की घरोघरी वर्षाची चटणी, म्हणजे लाल तिखट, कुटून ठेवतात. बायका मॉलमधून सुक्या मिरच्या घ्यायच्या, पण कुटायला त्यांना पार गावाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागायचं. मिरची कुटायचा डंक घालायचा, तर माझ्या दुकानात जागा नव्हती. चाचांनी आपलं अर्धं दुकान रिकामं केलं. तसाही गूळ कोण घेतंय आता, म्हणाले.

आज उन्हाळ्यात मॉलच्या दारातून निघालेली रांग माझ्या डंकापाशी येऊन थांबते. माझं घर चाचांमुळे चालतंय, हे मी कुणालाही सांगेन. त्यांचा गूळ मात्र हळूहळू संपला. दारात एक ढेप तेवढी अजून मांडलेली असते, गांधीलमाश्यांसाठी. मिरचीच्या ठसक्याने एकही येत नाही. चाचा तिच्याशेजारी नाकाला रुमाल लावून बसतात आणि रांगेतल्या बायकांना एकेक जनावर वाटून देत राहतात.

परवा मी विचारलं, "चाचा, सगळ्यांना जनावरं वाटून दिलीत. तुम्ही स्वतः कोण?"

त्यांनी ढेपेवरून हात फिरवला. "मी कसलं जनावर रं. मी झाड हाय. बगळ्यानं सांजंला यिऊन बसायला."

 माझे डोळे भरून आले, तेव्हा चाचांनीच आपला रुमाल माझ्या हातात दिला आणि मिरचीला दोन शिव्या घातल्या.